तुळजाबाईंची टाकी

२८ जुलै, सोमवार

हिंजवडीच्या कंपनीची बस आज माझ्याशिवाय गेली. मी गॅलरीत उभी राहून तिला हात केला. ड्रायव्हरकाकांना वाटलं मी उशीर झाला म्हणून थांबवतेय, त्यांनी बिचाऱ्यांनी ब्रेक मारला. मग मला खाली जाऊन सांगावं लागलं की काका, मी नोकरी सोडली. "बरं केलंत," ते म्हणाले आणि गेले. आमच्या कोथरूडमध्ये यापेक्षा जास्त अभिनंदन कुणी करत नाही.

तर आजपासून मी, निशा, वय सत्तावीस, सॉफ्टवेअरमधले किडे शोधायचं सोडून पाण्यातले शोधणार आहे. मी ज्या आरोग्य संस्थेत लागले, तिला बिबवेवाडीतली एक गल्ली मिळाली आहे. तिथे मलेरिया रोखायचा कार्यक्रम मी चालवायचा. आठ ऑक्टोबरला आरोग्य खात्यात बैठक आहे. गल्लीने कार्यक्रम मनावर घेतला असं दिसलं, तर खातं तो सगळ्या भागात स्वतः चालवणार. नाही दिसलं तर संस्था पुण्यातून गाशा गुंडाळणार आणि मी पुन्हा त्या बसमध्ये. एवढं सरळ आहे.

आई म्हणाली, "माश्या मारायचं ऐकलं होतं, डास मारायला पगार देतात हे नवीन आहे." मला इतका आनंद झालाय की मी तिच्याशी भांडलेसुद्धा नाही.

३१ जुलै, गुरुवार

पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

आमचे दिग्विजय सर मुंबईत बसतात आणि 'मॉडेल' पाठवतात. हे मॉडेल कुठल्याशा जंगलाजवळच्या खेड्यात फार गाजलं होतं. त्यात लिहिलंय की दर गुरुवारी कोरडा दिवस पाळावा, घरातली सगळी भांडी रिकामी करून घासावीत. मी कर्णा घेऊन गल्लीत शिरले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की घरातलं साठवलेलं सगळं पाणी आत्ता ओतून द्या.

गल्लीत गुरुवारी पाणी बंद असतं. बुधवारी रात्री लोक पिंपं, बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. एक आजोबा पेपर खाली घेऊन म्हणाले, "ओततो की. तुम्ही टँकर कुठे लावलाय?"

मग मी मच्छरदाण्या काढल्या. खोकीच्या खोकी आली आहेत, साध्या, औषध न लावलेल्या. सगळ्यांनी हसून घेतल्या आणि कुणीही लावणार नाही हे मला तिथेच कळलं. दहा बाय दहाच्या खोलीत पंख्याखाली चौघं झोपतात, दोरी बांधायची कुठे? शिवाय इथला डास वर टाकीत जन्मतो, स्वच्छ पाण्यात. चूक टाकीची आणि शिक्षा झोपणाऱ्याला, असा हा कार्यक्रम आहे. घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते. रडू येईल असं वाटलं होतं, पण ते टँकरचं आठवलं की हसूच यायचं.

२ ऑगस्ट, शनिवार

तुळजाबाई सापडल्या. मी धन्य झाले.

गल्लीच्या तोंडाशी तीन मजली घर त्यांचं. बिबवेवाडी गाव होतं तेव्हापासूनची मंडळी, निम्मी गल्ली त्यांची भाडेकरू आणि उरलेली निम्मी त्यांना घाबरून. मी दारात उभी राहून डासाविषयी बोलत होते, त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "आत ये. बस. पव्हं खा. कुठली तू?"

कोथरूडची म्हटलं. "ते न्हाई, मूळची कुठली?" मूळगाव सांगितलं. आडनाव, आजोळ, वडील काय करायचे, भावंडं किती. उंची विचारली. एवढ्या आस्थेने आरोग्य कार्यकर्तीची चौकशी कुणी केलेली मी ऐकलेली नाही. मी म्हटलं, मावशी, गुरुवार काही जमत नाही, कुठला वार धरू? त्या ताडकन म्हणाल्या, "शनवार. शनवारी आमचा पृथ्वीराज घरी असतो." पृथ्वीराज त्यांचा नातू, हिंजवडीला नोकरी करतो, शनिवार-रविवार सुट्टी. त्याचा टाकीशी काय संबंध ते कळलं नाही, पण शनिवार अगदी बरोबर आहे: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने, शनिवारी भरपूर, म्हणजे पिंपं घासायला हात मोकळे. एका अशिक्षित बाईंनी हे क्षणात ताडलं.

त्यांची टाकी बघायला मी जिना चढणार, तर हाताला धरून खाली बसवलं. "लोखंडी शिडी हाय वर. पोरीबाळींनी चढू नये. पडलीस तर नाव कुनाचं? टाकी म्या बघितलीय." कामगारांच्या सुरक्षेचा इतका विचार माझ्या कंपनीनेही कधी केला नव्हता.

६ ऑगस्ट, बुधवार

तुळजाबाईंच्या समोर सलीमाआपांचं शिवणाचं दुकान आहे. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री, दिवसातून तीनदा भांडण. मच्छरदाण्यांचा ढीग बघून आपा म्हणाल्या, "बेटा, झोपायला नको तर नको. पाण्यावर घालू या की." आणि त्यांनी पिंपाच्या तोंडाच्या मापाची, इलॅस्टिक लावलेली टोपी शिवून दाखवली. पिंपावर अशी चपखल बसली की मला तिला मिठी मारावीशी वाटली. टोपीला, आणि मग आपांनाही. तशीच छोटी टाकीच्या हवेच्या नळीला.

टोप्यांची मापं घेता घेता त्यांनी माझंही माप घेतलं. छाती, खांदा, बाही. बहुधा कार्यकर्त्यांसाठी जाकीट शिवणार आहेत. मी म्हटलं, खिसा मोठा ठेवा, टॉर्च लागतो. त्या खूप वेळ हसल्या.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज मी हवेत आहे.

तुळजाबाईंच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बायकांची बैठक भरली. मी तक्ता लावला, डासाची अळी दाखवली. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी, सपाट तरंगते, बाकीच्या डोकं खाली करून लोंबतात, हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच. बायका तक्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या. इतकं एकटक लक्ष देणारा समाज मी पाहिला नाही. एकीने विचारलं, "स्वैपाक येतो का?" मी म्हटलं, वरणभात आणि अंडी. कुजबुज झाली. लोकांशी नातं जुळल्याशिवाय ते असं मोकळं बोलत नाहीत, प्रशिक्षणात सांगितलंच होतं.

आणि नंतर प्रत्येकीने मला स्वतःच्या गच्चीवर नेलं. ज्या गच्च्यांच्या किल्ल्या भाडेकरूंनाही मिळत नाहीत त्या. "ये गं, आमची पण बघ." दोन टाक्यांत अळ्या सापडल्या, आडव्या, सपाट, सुंदर. उपसून घासल्या, टोप्या चढल्या.

तुळजाबाईंच्या नातवाशीही ओळख झाली. इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात बसला होता. आजी म्हणाली, "जा, दोघं गॅलरीत जरा बोला." मला वाटलं गल्लीतला तरुण वर्ग हाताशी लागतोय, मी सोडते का? गॅलरीत त्याने घसा खाकरून विचारलं, "तुमच्या अपेक्षा काय आहेत?"

मी म्हटलं, गल्लीतली एकही टाकी उघडी राहू नये.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बस एवढंच?" मी म्हटलं, आणि पिंपंसुद्धा. तो इतका हसला की कठडा धरावा लागला. मग त्याने अळ्यांविषयी प्रश्न विचारले, चांगले, नेमके. हाही टेस्टिंगमध्येच आहे म्हणे. आमच्या क्षेत्रातली माणसं प्रश्न चांगले विचारतात.

२४ ऑगस्ट, रविवार

आईला अखेर सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व पटलं.

काल सकाळी म्हणाली, "तो मळका कुर्ता काढ, जांभळा ड्रेस घालून जा. आणि केस विंचर." संध्याकाळी घरात पाऊल ठेवायच्या आत, "काय म्हणाल्या तुळजाबाई?" मागे मी तुळजाबाईंना आईचा नंबर दिला होता. पोरगी उन्हातान्हात हिंडते, अडीअडचणीला असावा, म्हणाल्या होत्या. आता दोघी फोनवर बोलतात असं दिसतं. डासांवर एवढं काय बोलण्यासारखं असतं, असं ज्या आईने मला महिन्यापूर्वी विचारलं होतं, ती काल पाऊण तास बोलत होती, दार लावून.

दिग्विजय सर फोनवर खूश. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या संस्थेचा कार्यक्रम आहे, तिथे कुणी दार उघडत नाही. आपल्याकडे का उघडतात, सरांनी विचारलं. मी म्हटलं, तक्ता. थोडं माझं बोलणंही.

८ सप्टेंबर, सोमवार

काहीतरी बिनसलंय.

गणपती झाले, मी आता जोर लावायचा म्हणून आज गेले, तर तुळजाबाई दारातूनच म्हणाल्या, "आता पंधरा दिवस येऊ नकोस. पितरं लागली."

मी म्हटलं, मावशी, अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो. पितृपक्षाचा आणि टाकीचा काय संबंध? "असल्या गोष्टी पितरात करीत न्हाईत." कसल्या गोष्टी? पिंप घासायच्या? सलीमाआपांकडे गेले, त्यांना तरी पितृपक्ष नाही. त्या मान खाली घालून टीप मारत म्हणाल्या, "बेटा, पंधरा दिवस थांब ना. अच्छी चीज है, अच्छे दिन में होगी." संपूर्ण गल्लीत एकही गच्ची उघडली नाही. दारं बंद नव्हती, सगळ्या गोड बोलल्या, चहा दिला, पण गच्ची नाही.

बैठकीला महिना उरला. मी घरी येऊन तक्त्यात काय चुकलं ते बघत बसले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हसू येतंय की राग, अजून ठरलं नाही.

दुपारी तुळजाबाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. पृथ्वीराजला दोन दिवस थंडी वाजून ताप. मी धावत गेले, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. मलेरिया. साधा, बरा होणारा, पण मलेरियाच. माझ्या गल्लीत, माझ्या सगळ्यांत उत्साही घरात.

औषध मिळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. त्याच्या अंगावर दोन शाली, दात वाजतायत. मी म्हटलं, मला कळतच नाही, तुमच्या आजी तर कार्यक्रमाचा आधारस्तंभ. तो म्हणाला, "निशा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

काय?

"आजी दीड महिना तुम्हाला बघतेय. माझ्यासाठी. सगळी गल्ली बघतेय. मला वाटलं तुम्हाला माहितीय आणि तुम्ही मुद्दाम विषय डासांवर नेताय. आय मीन, मला ते भारी वाटलं होतं."

पोहे. उंची. आजोळ. गॅलरी. अपेक्षा. आपांचं माप. जांभळा ड्रेस. पितृपक्षात स्थळं बघत नाहीत हे मला माहीत नाही का? शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हॉलभर बायका माझी परीक्षा घेत होत्या आणि मी त्यांना अळी कशी तरंगते ते शिकवत होते.

मी हसायला लागले. तो तापातही हसायला लागला. नर्सने येऊन विचारलं पेशंट नक्की कोण आहे.

घरी आईला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर गेली असतीस?" नसते गेले. "म्हणूनच." मी दार आपटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी हसू ओसरलं आणि खरी गोष्ट समोर आली. गल्लीने टाक्या माझ्या तक्त्यामुळे उघडल्या नाहीत. तुळजाबाईंची होणारी नातसून कशी आहे, ती जवळून बघायला मिळावी म्हणून उघडल्या. मी नकार दिला की किल्ल्या पुन्हा कमरेला.

दिग्विजय सरांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, नकार आठ तारखेनंतर दे. तीन आठवडे पोहे खा. पुढे हजारो घरांचा प्रश्न आहे."

मी खूप वेळ विचार केला. खोटं कशाला लिहू, पटलं होतं. हजारो घरं. पण तीन आठवडे त्या म्हातारीच्या हॉलमध्ये बसून तिचं बघणं मी कसं झेलणार? आणि माझ्या तोंडाकडे बघून चाललेला कार्यक्रम मी तिथून उठले की पडणार, आज काय आणि आठ तारखेनंतर काय.

२० सप्टेंबर, शनिवार

आधी शिडी. तुळजाबाई नको नको म्हणत होत्या, मी ओढणी कमरेला खोचली आणि चढले. झाकण तिरकं, टोपी नाही, टॉर्च मारला तर पाणी नुसतं वळवळतंय. आडव्या, सपाट. गल्लीतल्या सगळ्या टाक्या बघितल्या आणि ही एकच नाही बघितली, कारण मी खाली बसून पोहे खात होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी काही वेळ वरच बसून राहिले.

खाली येऊन अळ्यांची बरणी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मावशी, हे तुमच्या टाकीतलं. आणि दुसरं, मी इथे टाक्यांसाठी येत होते. लग्नाचं मला ठाऊक नव्हतं. मला न विचारता ठरवलेलं मला चालणार नाही, म्हणून माझ्याकडून नाही.

त्या बरणीकडे बघत राहिल्या. पृथ्वीराज आतल्या खोलीत झोपला होता. "बरं," एवढंच म्हणाल्या. मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पृथ्वीराजची गोळी चौदा दिवस चुकता कामा नये, नाहीतर हा ताप यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून मी रोज संध्याकाळी जाऊन समोर गोळी गिळायला लावते. नकार दिला म्हणून उपचार अर्धवट सोडता येत नाही. हा कामाचा भाग आहे. आज दोन तास लागले, कारण तो कंपनीतल्या कँटीनच्या गोष्टी सांगत होता. मलेरियाच्या रुग्णाचं मन प्रसन्न ठेवणं महत्त्वाचं असतं.

आई म्हणाली, "गोळी गिळायला दोन तास?" मी म्हटलं, पाण्याबरोबर.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज गल्लीत जायचं धैर्य होत नव्हतं. किल्ल्या मिळणार नाहीत याची मनाची तयारी करून गेले.

लांबूनच गाणी ऐकू आली. नवरात्र आहे, भोंडला. पाटावर हत्ती काढून फेर धरायचा, मग खिरापत ओळखायची. दरवर्षी अंगणात होतो, या वर्षी तुळजाबाईंच्या गच्चीवर. मी जिना, मग ती लोखंडी शिडी चढून गेले तर बायका टाकीभोवती फेर धरतायत. हत्तीचा पाट टाकीवर ठेवलाय. टाकीवर आपांची टोपी, नवी कोरी. सलीमाआपा कठड्याला टेकून गाण्याचे शब्द चुकले की ओरडून दुरुस्त करतायत.

फेर संपला आणि खिरापत वाटायच्या आधी तुळजाबाईंनी फर्मान काढलं. "उद्या भोंडला शेजारच्या रुपालीच्या गच्चीवर. आधी टाकी उघडून दावायची, मग पाट. जिच्या टाकीत वळवळ, तिची खिरापत आम्ही खानार न्हाई."

मी कोपऱ्यात उभी. त्यांनी मला पाहिलं. जवळ आल्या, वाटीत खिरापत घातली. मी म्हटलं, मावशी, मला वाटलं तुम्ही आता...

"काय वाटलं? लगीन न्हाई झालं म्हनून टाकी उघडी ठिवू? नातू थंडीनं हुडहुडत हुता माझ्या डोळ्यांदेखत." मग वाटीत आणखी एक चमचा घालून, "तू चुकीचं बोलली न्हाईस. इचारायला पायजे हुतं."

मी खिरापत खाल्ली. काय होती ते आठवत नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

शेवटची गोळी. ताप नाही, रक्त साफ. पृथ्वीराजने आपट्याचं पान दिलं आणि म्हणाला, "मग उद्यापासून तुमची ड्यूटी संपली." मी म्हटलं, हो, संपली. आनंदाची गोष्ट आहे. घरी येऊन आईवर उगाचच चिडले. बैठकीचा ताण असणार.

८ ऑक्टोबर, बुधवार

झालं. घेतला. खात्याने कार्यक्रम घेतला.

मॅडम अधिकारी फार कडक. आकडे बघून म्हणाल्या, शेजारची गल्ली अशी आणि तुमची अशी, कारण काय? दिग्विजय सरांनी 'मॉडेल' म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी मी बोलले. म्हटलं, मॅडम, लोक टाकी दाखवायला दार उघडत नव्हते, मुलगी बघायला उघडत होते. मुलगी म्हणजे मी. आणि सगळं सांगितलं, पोह्यांपासून.

टेबलाभोवती एकही जण खुर्चीत सरळ बसलेला नव्हता. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छान. आता प्रत्येक गल्लीसाठी मी लग्नाळू मुलगी कुठल्या खात्यातून मंजूर करून आणू?"

मी म्हटलं, मुलगी नको. मुलीने नकार दिल्यावरही टाक्या उघडतायत, रोज. प्रत्येक गल्लीत एवढंच विचारायचं, की तुम्ही एकमेकींच्या घरी कशासाठी जाता. कुठे भोंडला असेल, कुठे भिशी, कुठे नमाजानंतरचा चहा. त्याच वाटेने आपण आत जायचं. वारही त्यांनाच ठरवू द्यायचा, कारण त्यांचं पाणी कधी बंद असतं ते आपल्या मॉडेलला माहीत नसतं.

मॅडमनी आकडे पुन्हा एकदा चाळले. मग सही केली. पुढच्या सगळ्या गल्ल्यांचं काम माझ्याकडे.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी उठून, केस विंचरून, माझी मी जांभळा ड्रेस घालून बिबवेवाडीला गेले. टॉर्च, बरणी, सगळं घेऊन.

गल्लीत पोचले तर काम आटोपलेलं. पिंपं पालथी, टाक्या बघून झालेल्या, रुपाली आणि दोघीजणी शेवटच्या गच्चीवरून उतरत होत्या. एकही टाकी उघडी नाही. जे हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि मी रस्त्याच्या मधोमध बरणी घेऊन उभी.

सलीमाआपांनी दुकानातून हाक मारली. "अगं, इथलं तर सगळं झालं. खात्याने तुला दुसऱ्या गल्ल्या दिल्यात ना? आज कशाला आलीस?"

मी तोंड उघडलं. पाहणी म्हणणार होते. अहवाल म्हणणार होते. दोन महिने माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि आज एकही नव्हतं. वरच्या गॅलरीत तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. समोरच्या खिडकीतल्या आजोबांनी पेपर खाली घेतला.

"पृथ्वीराजला भेटायला," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं, कर्ण्याची सवय.

सगळ्या गल्लीने ऐकलं. ऐकू दे. या वेळी मला मी स्वतः विचारलं होतं.